फेब्रुवारीची ३० तारीख

फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला असतो, कुठल्याही लॅबमध्ये जा, दिसेलच. तारखांच्या ओळी, सकाळ-संध्याकाळचे दोन रकाने, आणि त्यात फ्रिजचं टेम्परेचर लिहायचं. २ ते ८ डिग्रीच्या मध्ये पाहिजे. आमच्या कागदावर ते कायम ४ असायचं. मधूनच एखादा ५, म्हणजे बघणाऱ्याला खरं वाटावं. हे सगळं मी महिनाअखेरीला एका बैठकीत, एकाच निळ्या पेनानं, चहा पिता पिता भरायचे. असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, पण माझ्या आधीच्या सरांनी भरलेले जुने कागद फाइलला होते, त्यातही सगळे चारच, त्यामुळे मला वाटायचं की फ्रिज चारच दाखवत असणार, रोज काय बघायचं त्यात.

२००९ च्या फेब्रुवारीत मी असाच कागद भरून लावला. आमचा फॉरमॅट झेरॉक्स केलेला, त्यात ३१ ओळी छापलेल्या. मी ३१ च्या ३१ भरल्या. दोन दिवसांनी आमचे सेवक मामा फडकं मारत होते, मारता मारता थांबले, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि म्हणाले, "बेटा, फेब्रुवारीले तीस तारीख ऱ्हास का?"

खूप हसलो दोघंही. मग मी तो कागद फाडला आणि नवीन भरला, २८ तारखेपर्यंत. आज लाज वाटते ती या दुसऱ्या कागदाची.

तर आमची लॅब. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, तालुक्याच्या गावातलं एका ट्रस्टचं हॉस्पिटल, तीस खाटांचं. लॅब म्हणजे दहा बाय बाराची खोली, त्यात एक सेमी-ऑटो ॲनालायझर, म्हणजे रक्ताच्या टेस्ट करायचं मशीन, एक सेंट्रीफ्यूज जे फिरताना टेबलासकट चालायला लागायचं, एक मायक्रोस्कोप, वॉटर बाथ आणि तो फ्रिज. मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून नुकतीच लागलेली, आणि माझ्यावर एक सीनियर, ज्यांना मी सर म्हणायचे. पॅथॉलॉजिस्ट मॅडम जिल्ह्याहून आठवड्यातून एकदा यायच्या. लोडशेडिंग तेव्हा जोरात होतं, लाइट कधी येणार याचा हिशेब आम्ही रिपोर्टच्या वेळेपेक्षा जास्त काटेकोर ठेवायचो.

सर वाईट टेक्निशियन नव्हते हां, हात इतका हलका की रडणारं पोरसुद्धा सुई टोचल्यावर गप्प व्हायचं. पण त्यांची एक रीत होती. कंट्रोल लावायचा म्हणजे ज्याची व्हॅल्यू आधीपासून माहीत आहे असं सिरम पेशंटच्या सॅम्पलसारखंच मशीनवर चालवायचं, आणि उत्तर रेंजमध्ये आलं तरच पेशंटचे रिपोर्ट सोडायचे. आमच्याकडे कंट्रोल महिन्यातून एकदा लागायचा, आणि आऊट गेला की सर म्हणायचे, फॅक्टर मार. म्हणजे मशीनमध्ये जो आकडा गुणाकाराला सेव्ह केलेला असतो तो थोडा खाली-वर करायचा, मग कंट्रोल बरोब्बर रेंजमध्ये येऊन बसतो. घड्याळ मागे पडलं तर नुसता काटा पुढे करायचा तसं. घड्याळ मागे का पडतंय हे कुणी बघायचं नाही. आणि मला तर हे कौशल्यच वाटायचं, कारण कॉलेजात हे शिकवलंच नव्हतं!

मॅडमनी एक दिवस ड्रॉवर उघडला आणि माझ्यासमोर साधा ग्राफ पेपर ठेवला. म्हणाल्या, रोज एक कंट्रोल लावायचा, रोज एक टिंब काढायचं, बाकी काही करू नको. मी म्हटलं मॅडम रोज कंट्रोल परवडणार नाही, ऑफिस व्हायल, म्हणजे कंट्रोलच्या पावडरच्या बाटल्या, देत नाही. त्यांनी शिकवलं की एक व्हायल डिस्टिल्ड वॉटरनं विरघळवायची, जोरात हलवायची नाही, फेस येऊ द्यायचा नाही, पूर्ण विरघळेपर्यंत हळूहळू फिरवत ठेवायची, मग छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून डीप फ्रीझमध्ये टाकायची आणि रोज एक काढायची. (डिस्टिल्ड वॉटर म्हणजे आमच्याकडे बॅटरीवाल्याकडून आलेला कॅन होता. त्यावर मॅडम जे बोलल्या ते इथे लिहीत नाही.)

वीस दिवसांची रीडिंग जमली की सरासरी आणि एसडी, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरतात ते, काढायचा, मध्ये एक रेघ, वर-खाली एक, दोन, तीन एसडीच्या रेघा. हाच तो एलजे चार्ट. लेव्ही आणि जेनिंग्ज या दोघांनी १९५० मध्ये लॅबसाठी मांडला, मूळ कल्पना कारखान्यातल्या मालावर नजर ठेवायची. पुढे १९८१ मध्ये वेस्टगार्डनं त्याचे नियम बसवले, टिंब कुठे पडलं की थांबायचं, कुठे पडलं की नुसतं सावध व्हायचं. हे सगळं करायला लागलेला खर्च म्हणजे ग्राफ पेपर, पेन्सिल आणि पट्टी.

माझ्या चार्टवर महिन्याभरात एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. एसजीपीटी या लिव्हरच्या टेस्टची टिंबं रेंजमध्येच होती, एकही आऊट नाही, पण सगळी मधल्या रेघेच्या खाली आणि रोज थोडी थोडी उतरत चाललेली. सहा दिवस, आठ दिवस, दहा दिवस. रोजचं टिंब सुटं बघितलं तर सगळं ओके. रेघेनं जोडलं की घाटातून उतरणाऱ्या एसटीसारखं दिसायचं. सर म्हणाले फॅक्टर मार. मी पहिल्यांदाच नाही म्हटलं, आणि ते धाडस वगैरे काही नव्हतं, मॅडम शुक्रवारी येणार होत्या आणि ग्राफवर खाडाखोड दिसली असती एवढीच भीती.

मॅडमनी ग्राफ बघितला, रिएजंटची, म्हणजे टेस्टच्या रसायनाची, बाटली बघितली, एक्सपायरी बघितली, आणि मग विचारलं, फ्रिजचं टेम्परेचर किती असतं? मी छातीठोकपणे चार म्हटलं. त्या म्हणाल्या थर्मामीटर दाखव. थर्मामीटर मागच्या कोपऱ्यात रिकाम्या डब्यांच्या खाली सापडला. त्यांनी तो पाण्याच्या छोट्या बाटलीत उभा करून मधल्या फळीवर ठेवला, म्हणाल्या उद्या सकाळी आल्या आल्या, दुसरं काही करायच्या आधी बघ.

सकाळी १४.

दुसऱ्या दिवशी १३. आणि संध्याकाळी घरी जाताना ५. कारण शोधायला आम्हाला आठवडा लागला आणि ते निघालं अगदी साधं. उन्हाळ्यात लाइट बिल जास्त आलं म्हणून ऑफिसनं सांगितलं होतं की रात्री रिकाम्या खोल्यांचे मेन स्विच बंद करायचे. लॅब रात्री रिकामीच. मामा इमानेइतबारे रोज संध्याकाळी मेन बंद करून कुलूप लावायचे आणि सकाळी येऊन चालू करायचे. फ्रिज त्याच मेनवर! सकाळी फ्रिजखाली पाणी साचलेलं असायचं, ते मामा रोज पुसायचे, आणि मला वाटायचं जुना फ्रिज आहे, गळतो. रिएजंटही उतरत होते, डीप फ्रीझमधले कंट्रोलही रोज रात्री विरघळून सकाळी परत गोठत होते, आणि या सगळ्या काळात दारावरचा कागद म्हणत होता ४, ४, ५, ४.

मामांना वाईट वाटलं. ते म्हणाले, "माले सांगतात तर मी बंद करतूच ना का?" बरोबर होतं त्यांचं. सांगणार कोण, मी? मी तर चार लिहीत होते.

त्या दिवसापासून रिसोर्स नाहीत हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, नक्की काय नाहीये? कारण आमच्याकडे फ्रिज होता, थर्मामीटर होता, कागदही होता. हे मी रिसोर्सवाल्यांची टिंगल म्हणून नाही लिहीत, खरंच खूप ठिकाणी काहीच नसतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशननं २०२१ मध्ये सांगितलंय की जगातल्या ४७ टक्के लोकांना साध्या तपासण्यांची सोय जवळजवळ नाहीच. पण त्यावरून जो एक सूर निघतो ना, की खेड्यात टेस्ट होतेय हेच खूप, क्वालिटी वगैरे शहरातल्या लॅबनी बघावं, त्याच्याशी माझं भांडण आहे. रिपोर्ट नसला तर डॉक्टर पेशंटची पापणी खाली ओढून बघतो, जीभ बघतो, नखं बघतो, चार प्रश्न विचारतो. रिपोर्ट हातात आला की कागद बघतो. म्हणजे चुकीचा रिपोर्ट डॉक्टरचे डोळेच काढून घेतो.

आणि हा प्रश्न फक्त गरिबांचा आहे असंही नाही बरं का. १९४७ मध्ये अमेरिकेत बेल्क आणि संडरमन या दोघांनी पेनसिल्व्हेनियातल्या हॉस्पिटलच्या लॅबना एकच सॅम्पल वाटून बघितलं, साध्या साध्या टेस्ट, आणि उत्तरं इतकी वेगवेगळी आली की आज वाचताना आपल्यालाच संकोच वाटतो. बाहेरून सॅम्पल पाठवून लॅब तपासायची पद्धत तिथून पुढे रुजली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला चक्क बरं वाटलं होतं.

आता शुगरची गोष्ट. पाड्यांवर कॅम्प व्हायचे, सिस्टर सकाळी नऊला रक्त घ्यायच्या, जीप सगळे पाडे करत दुपारी दोन-अडीचला हॉस्पिटलला पोचायची. फ्लोराइडचे बल्ब, म्हणजे रक्तातली साखर टिकवणाऱ्या त्या राखाडी झाकणाच्या नळ्या, बऱ्याचदा संपलेले असायचे, मग शुगरसाठीही प्लेन बल्बमध्येच रक्त यायचं. नळीतलं रक्त जिवंत असतं, पेशी आतल्या आत साखर खात बसतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के, आणि मे महिन्यात जीपच्या टपाखाली त्याहून जास्त. आमच्याकडे ५५, ६० अशा शुगर यायच्या आणि बाई तर तिकडे शेतात काम करतेय, चक्कर नाही काही नाही. सगळे मशीनला शिव्या द्यायचे. मशीन बिचारं खरं बोलत होतं, दुपारी अडीचला त्या नळीत तेवढीच साखर उरली होती.

पण ५५ आली तर कुणीतरी भुवया उंचावतो, परत रक्त घे म्हणतो. ज्या माणसाची सकाळी उपाशीपोटी १४० होती त्याची पाच तासांनी शंभराच्या घरात आली, आणि आम्ही त्याला नॉर्मल लिहून दिलं, तो खुश होऊन गेला, त्याचं काय? असे किती गेले असतील मला माहीत नाही आणि ते कधी कळणारही नाही. लॅबमधली जी चूक चुकीसारखी दिसते ती सापडते. जी नॉर्मलसारखी दिसते ती पेशंटच्या खिशात घडी होऊन घरी जाते.

उपाय काय केला तर शुगर जागेवरच ग्लुकोमीटरवर करायची आणि गरज असेल त्यालाच नंतर हॉस्पिटलला बोलवायचं. नवीन मशीन घ्यायचा प्रस्ताव तोपर्यंत ऑफिसात पोचलेला होता, तो परत आणताना मजा आली. फ्लोराइड बल्ब आले तरी त्याचाही एक खोडसाळपणा आहे, पहिले एक-दोन तास तो साखर थांबवत नाहीच, पुढचं थांबवतो. हे मला कामाला लागून तीन वर्षं झाल्यावर कळलं.

सगळ्यात जास्त मी शिकले ती थुंकीच्या स्लाइडवरून. आमचं हॉस्पिटल टीबीच्या सरकारी कार्यक्रमाचं मायक्रोस्कोपी सेंटर होतं. लाखभर लोकांमागे असं एक सेंटर, डोंगराळ-आदिवासी भागात पन्नास हजारांमागे एक, असा तेव्हाचा हिशेब. सेंटरला लागतं काय, तर मायक्रोस्कोप, कार्बोल फुक्सिन, ॲसिड, मिथिलिन ब्लू, स्पिरिटचा दिवा आणि माणूस. आणि तरी त्या स्वस्तातल्या कामावर जी नजर होती ती मी नंतर भारीतल्या लॅबमध्येसुद्धा बघितली नाही.

स्लाइड वाचायचे नियम असे की निगेटिव्ह म्हणायच्या आधी किमान १०० फील्ड बघायचे, फील्ड म्हणजे मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसतो तेवढा गोल. शंभर फील्डमध्ये १ ते ९ जंतू दिसले तर स्कँटी, म्हणजे तुरळक, आणि दिसले तेवढा आकडा लिहायचा. १० ते ९९ दिसले तर एक प्लस. त्याहून जास्त असतील तर दोन, तीन प्लस. शंभर फील्ड नीट बघायला पाच एक मिनिटं तरी लागतात, निळ्या पार्श्वभूमीवर लाल बारीक काडी शोधायची, डोळ्यात पाणी येतं. म्हणजे कुणी सांगितलं की मी सकाळच्या दोन तासांत साठ स्लाइड बघितल्या तर त्याला विचारायचं नाही कसं, गुणाकार करायचा फक्त.

वाचून झालेली स्लाइड फेकायची नाही. मायक्रोस्कोपखाली नीट दिसावं म्हणून टाकलेलं तेल पुसून, नंबरवार, डब्यात लावून ठेवायची, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह वेगळी करायची नाही. महिन्यातून एकदा एसटीएलएस सर, म्हणजे टीबी कार्यक्रमाचे लॅब सुपरवायझर, मोटरसायकलवर यायचे, हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवायचे (मी सांगून थकले), आणि रजिस्टरवरून ठरलेल्या अंतरानं स्लाइड काढायचे. त्या स्लाइड दुसऱ्या कुणीतरी परत वाचायच्या, त्याला आमचं उत्तर माहीत नसायचं. दोघांचं जुळलं नाही तर तिसरा वाचणार. यात सरांची मर्जी, माझा चेहरा, हॉस्पिटलचं नाव, काही कामाला येत नाही. एका गावातली स्लाइड दुसऱ्या गावात जाऊन आपल्याबद्दल चुगली करते, बस.

माझी एक स्लाइड आली तशी. मी स्कँटी दिलेली, परत वाचताना निगेटिव्ह. लो फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे थोडे जंतू आहेत असं चुकून दिलेलं पॉझिटिव्ह. मला रडूच आलं, कारण एका माणसाला मी उगाच टीबी चिकटवला असं वाटलं. एसटीएलएस सर म्हणाले रडू नको, तेल कसं टाकतेस दाखव. मी दाखवलं. बाटलीची काडी स्लाइडला टेकवून तेलाचा थेंब पसरवायचे मी. त्यांनी काहीही न बोलता रजिस्टर पुढे ओढलं आणि बोट ठेवलं, माझ्या त्या स्लाइडच्या आधीची स्लाइड तीन प्लस होती. काडीला लागून आधीच्या पेशंटचे जंतू पुढच्याच्या स्लाइडवर गेलेले असू शकतात! थेंब वरून सोडायचा, टेकवायचं नाही, एवढंच. चौदा वर्षं झाली, अजून कुणी नवीन पोरगी कामाला आली की मी आधी तिचा तेलाचा हात बघते.

लक्षात घ्या की त्या भेटीत मला कुणी मेमो दिला नाही, पगार कापला नाही. चेकलिस्टवर लिहिलं गेलं, कारण लिहिलं गेलं, पुढच्या महिन्यात परत बघितलं गेलं. आता त्या कामाला सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही टीबीच्या जंतूचा जीन शोधणारी मशीनं आली आहेत, ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं, बॅटरीवर चालतं, २०२० मध्ये डब्ल्यूएचओनंही शिफारस केली. चांगलंच आहे, फार चांगलं आहे. पण माझं मन अजून त्या स्लाइडच्या डब्यात आहे.

यानंतर मी एक शंभर पानी वही केली आणि वर लिहिलं, चुका. पहिल्या पानावर फ्रिज. दुसऱ्यावर तेल. पुढे मग बरंच काही, हिमोलाइझ झालेल्या, म्हणजे पेशी फुटलेल्या, सॅम्पलवर पोटॅशियम केलं, ईडीटीए बल्ब (त्यात रक्त गोठू नये म्हणून औषध असतं) हलवला नाही आणि बारीक गुठळीमुळे प्लेटलेट ४० हजार आल्या, रिपोर्ट टाइप करताना ८.२ चं २.८. ते २.८ वार्डात पोचल्यावर जी पळापळ झाली होती!

आणि एक पान असं आहे जे लिहू नको म्हणून मला सांगण्यात आलं.

एएनसीच्या, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीच्या, दिवशी पन्नास-साठ बायका यायच्या. आमच्याकडे नावांचा प्रश्न मोठा, एकाच पाड्यातल्या दोघी, नाव एक, आडनाव एक, वयही वीस-बावीसच. मी रक्त घेताना नाव घेऊन विचारायचे, तुम्ही अमुक ना? आणि समोरची मान हलवायची. नवीन ठिकाणी, ॲप्रन घातलेल्या बाईसमोर, मराठी अर्धवट कळत असताना कोण नाही म्हणतं, तिथे तर मान सगळेच हलवतात. अशा दोघींचे बल्ब बदलले गेले. एकीचा ग्रुप ओ निगेटिव्ह, दुसरीचा बी पॉझिटिव्ह, कार्डवर उलटे लागले. सातव्या महिन्यात निगेटिव्हवाली दुसऱ्या कशासाठी तरी ॲडमिट झाली, डॉक्टरांनी रक्त लागलंच तर म्हणून ग्रुप परत करायला सांगितला, आणि कार्डाशी जुळेना. मी तीनदा लावला. प्रत्येक वेळी अँटी-डीच्या, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणाऱ्या रसायनाच्या, थेंबात काही गोठेना, पाण्यासारखं स्वच्छ. रजिस्टर काढलं तर ओळीनं दोन नावं, तीच.

दुसरीला शोधायला मामा स्वतः सायकलवर गेले. पुढचं सगळं नीट झालं. निगेटिव्हवालीला बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन मिळालं, म्हणजे आईचं शरीर पुढच्या पॉझिटिव्ह बाळाच्या रक्तावर उठू नये म्हणून देतात ते, बाळ पॉझिटिव्ह होतं. कार्ड तसंच राहिलं असतं तर या वेळी कदाचित कुणाला काही कळलंही नसतं, पुढच्या बाळावर आलं असतं.

मी ते वहीत लिहिलं, तारखेसकट, माझ्या नावासकट. ऑफिसमधून निरोप आला की वही दाखवा. मग सांगण्यात आलं की हे असं लिहून ठेवत जाऊ नका, उद्या कुणी केस केली तर हीच वही कोर्टात जाईल. वाईट हेतूनं नव्हतं ते, हॉस्पिटल चालवणाऱ्याला हीच भीती असते आणि ती खोटीही नाही. पण मला त्या दिवशी दारावरच्या कागदावरचे सगळे ४ आठवले. तो कागद आधी भरणारे सर पण असंच घाबरले असतील कधीतरी, १४ लिहिल्यावर कुणीतरी ओरडलं असेल. टेम्परेचर खोटं लिहायला माणूस आळसानं सुरुवात करतो की भीतीनं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मी स्वतः आळसानं केली होती.

वही मी घरी नेली. पण रक्त घेताना विचारायचं वाक्य बदललं. तुम्ही अमुक ना, असं विचारायचं नाही, तुमचं नाव काय, नवऱ्याचं नाव काय, पाडा कुठला, तिनंच सांगायचं. आणि बल्बवर नाव तिथेच, तिच्यासमोर. आधी लेबल लावून ठेवायची सोय बंद. वेळ दुप्पट लागायला लागला आणि लाइनीतल्या बायका माझ्यावर वैतागायच्या.

पुढे काही वर्षांनी मी दुसऱ्या लॅबमध्ये गेले, तिथे वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलचा ईक्यूएएस, म्हणजे बाहेरून सॅम्पल पाठवून लॅब तपासायचा कार्यक्रम, होता, रक्तातल्या केमिस्ट्रीसाठी. व्हायल येतात, दर महिन्याला एक लावायची, आपलं उत्तर कळवायचं, मग देशभरातल्या लॅबच्या मानानं आपण कुठे ते कळतं. आमच्यासाठी ती परीक्षाच. आणि परीक्षा म्हटल्यावर आपल्या लोकांना काय सुचतं ते वेगळं सांगायला नको. फोनाफोनी. तुझं बिलिरुबिन किती आलं गं? एकदा आम्ही तीन लॅबनी मिळून बिलिरुबिन जुळवून पाठवलं, एकसारखं, पॉइंटनंतरच्या आकड्यापर्यंत. निकाल आला तेव्हा तिघींचंही चुकलेलं, तेही एकसारखंच. एकीनं तरी खरं लिहून पाठवलं असतं तर कळलं असतं की कुणाचं बरोबर होतं.

सर्टिफिकेटबद्दल माझं मत जरा आखडतं आहे. आयएसओ १५१८९ हे मेडिकल लॅबचं स्टँडर्ड, २००३ पासूनचं, आपल्याकडे त्यावर एनएबीएल ही संस्था मान्यता देते. स्टँडर्ड चांगलंच आहे, पण तालुक्याच्या लॅबनं ते वाचायला घेतलं की पहिल्या वीस पानांतच वाटतं की हे आपल्यासाठी नाही. मला आफ्रिकेतली पद्धत वाचून जास्त हुरूप आला होता. २००८ च्या जानेवारीत मापुटोला लॅबबद्दलचा जाहीरनामा झाला, २००९ मध्ये किगालीत डब्ल्यूएचओच्या आफ्रिका विभागानं पायरीपायरीची पद्धत सुरू केली, शून्य ते पाच तारे. ५५ टक्क्यांच्या खाली शून्य तारे, ९५ पासून वर पाच. सोबत ट्रेनिंग असं की तीन वर्कशॉप, आणि मधल्या महिन्यांत आपापल्या लॅबमध्ये काहीतरी एक सुधारून दाखवायचं. मला यात शून्य तारे हा प्रकारच फार आवडला. शून्य म्हणजे नापास नाही, शून्य म्हणजे तुमचं नाव यादीत आहे, आता पुढची पायरी ही. आपल्याकडे २०२० मध्ये एनएबीएलनं साध्या तपासण्या करणाऱ्या छोट्या लॅबसाठी अशीच खालची पायरी आणली, मला वाटतं ती दहा वर्षं आधी यायला हवी होती.

सुप्रीम कोर्टानं २०१७ च्या डिसेंबरमध्ये रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या डॉक्टरचीच सही पाहिजे असं सांगितलं, तेव्हा आमच्या टेक्निशियन लोकांच्या ग्रुपवर खूप धुरळा उडाला होता. मी डीएमएलटीवाली असून मला निर्णय पटतो. पण सही म्हणजे बघून केलेली सही. आधीच सह्या ठोकलेले कोऱ्या लेटरहेडचे गठ्ठे मी बघितलेत, आणि ते दारावरच्या कागदापेक्षा वेगळे नाहीत. आमच्या मॅडम आठवड्यातून एकदाच यायच्या पण ग्राफ पेपरवर त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा असायच्या, इथे का थांबली नाहीस, असं बारीक अक्षरात.

आता माझी स्वतःची छोटी लॅब आहे, एका पॅथॉलॉजिस्टसोबत, त्याच तालुक्यात. इन्व्हर्टर आहे. फ्रिजला स्वतंत्र लाइन आहे आणि त्या स्विचवर मी चिकटपट्टी लावून ठेवलीय. चुकांची चौथी वही चालू आहे, काउंटरवरच असते, पोरी लिहितात, कधी कधी एकमेकींच्या लिहितात आणि मग भांडतात.

गेल्या महिन्यात मामा आले होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, दाढी पांढरी, हातात पिशवी, शुगर बघायची म्हणे, पोरगा मागे लागलाय. खुर्चीत बसवलं, बल्ब हातात घेतला आणि विचारलं, "नाव सांगा."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मनं नाव तुले माहीत नही?"

"सांगा ना मामा."

त्यांनी सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, गाव, वर पोस्ट आणि तालुका पण, शाळेत हजेरीला उभं राहिल्यासारखं. मी त्यांच्यासमोर बल्बवर लिहिलं. ते मान वळवून फ्रिजच्या दाराकडे बघत होते, चष्मा खाली ओढून.

"आज कितलं शे?"

"साडेसात," मी म्हटलं. "पहाटे लाइट गेली होती, इन्व्हर्टर उतरला."

"लिखं का?"

"लिहिलंय. खालून तिसरी ओळ."

त्यांनी ती ओळ बोट लावून वाचली, आणि बाही वर सरकवली.